माणशी एक

दर रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोळ्यांची मोजणी सुरू व्हायची. वाकडमधली सोसायटी, चार इमारती, त्यातली चाळीसेक घरं या कामात. कुणाकडून दहा पोळ्या यायच्या, कुणाकडून वीस. बटाट्याची सुकी भाजी आळीपाळीनं दोन घरांत व्हायची. एक काकू लोणच्याच्या छोट्या पुड्या बांधून आणायच्या. अकरापर्यंत चार पोळ्या, भाजी, लोणचं अशी पाकिटं फॉइलमध्ये गुंडाळून तयार व्हायची, आणि दोन गाड्यांमधून आम्ही ती शहरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाबाहेर नेऊन वाटायचो. रुग्णांच्या नातेवाइकांना.

हे सुरू झालं २०२२च्या पावसाळ्यात. कल्पना माझी नव्हती. शेजारच्या इमारतीतल्या एका काकांच्या भावाला त्या रुग्णालयात ठेवलं होतं. पंधरा दिवस तिथं ये-जा करताना काकांनी बाहेरची माणसं पाहिली. बीड, लातूर, सोलापूर, धाराशिवकडून आलेली. येताना ही माणसं कापडात भाकरी बांधून आणतात, सोबत ठेचा नाही तर शेंगदाण्याची चटणी. दोन-तीन दिवसांत गाठोडं संपतं. उपचार मात्र पंधरा दिवस, महिना चालतात. बाहेरून आणायची औषधं, तपासण्या, गावाकडच्या फेऱ्या यांत पैसे जायला लागले, की पहिली कात्री लागते ती सोबत राहिलेल्याच्या जेवणाला. रुग्णाला आतून जेवण मिळतं. त्याच्या उशाशी बसलेलं माणूस चहा-बिस्किटावर दिवस काढतं. काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं, की रविवारी घरटी दहा पोळ्या जास्तीच्या कराल का?

मी त्यात शिरलो तो एक्सेलमुळे. पहिल्या महिन्यात सगळा सावळागोंधळ होता. एका रविवारी नव्वद पोळ्या कमी पडल्या, पुढच्या रविवारी दोनशे उरल्या. एकदा दोन्ही घरांनी भाजी आदल्या रात्रीच करून ठेवली आणि सकाळपर्यंत ती विटली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दिवसभर दुसऱ्यांचा गोंधळ रकान्यांत बसवणं हेच माझं पोट भरायचं साधन. एका शनिवारी बसून शीट तयार केली. कोण किती पोळ्या देणार, भाजीचा नंबर कुणाचा, गाडी कुणाची, फॉइल किती उरलं, सगळं त्यात. शुक्रवारी रात्री ज्याचा त्याला आपोआप मेसेज जायचा. महिन्याभरात पोळ्या कमी पडणंही बंद झालं आणि उरणंही. काका मला सगळ्यांसमोर ‘आमचा इंजिनिअर’ म्हणायला लागले. मला ते आवडायचं, हे आधीच सांगून टाकतो.

मग प्रश्न रांगेचा आला. गाडी थांबली की एकदम शंभर माणसं यायची. एकदा एका म्हातारीला कुणाचं तरी कोपर लागलं आणि ती खाली बसली. त्यावर मी टोकन काढली. एक ते दीडशे, लॅमिनेट केलेली. बारा वाजता टोकन द्यायचं, मग रांग, टोकन परत घेऊन पाकीट द्यायचं. माणशी एक. हा नियम मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून गाडीच्या काचेला चिकटवला होता. पूर्वी तास-सव्वा तास लागायचा, तिथं आम्ही एकशे चाळीस पाकिटं बावीस मिनिटांत वाटायला लागलो. सोमवारी ऑफिसात कॉफी पिताना हा आकडा मी दोन-तीन जणांना तरी सांगितला असेल.

ती बाई मला पहिल्यांदा दिसली तेव्हा तिनं दोन पाकिटं मागितली. पंचेचाळिशीची असेल. डोक्यावरून पदर, हातात औषधाच्या दुकानाची कापडी पिशवी, बोलणं बीडकडचं.

“दोन दे की, लेकरा.”

“मावशी, माणशी एकच.”

ती काही बोलली नाही. पाकीट घेऊन बाजूला झाली. पण मी बघत होतो. तिनं एका पोराला काहीतरी सांगितलं, त्याच्याकडून टोकन घेतलं आणि परत रांगेच्या शेवटी उभी राहिली. दुसऱ्या रविवारी हेच. तिसऱ्या रविवारी मी तिच्या पिशवीत डोकावलो, तर आत तीन पाकिटं होती आणि चौथं हातात. मी आवाज चढवला. आपण कुणावर तरी ओरडतोय आणि चार माणसं बघतायत, याची एक घाणेरडी मजा असते. ती मला त्या क्षणी आली.

“मावशी, असं चालत नाही. मागची माणसं उपाशी राहतात.”

“वर तिघीजणी हायेत,” ती म्हणाली.

“मग त्यांनी खाली यायचं. सगळे येतात.”

मी तिच्या पिशवीतली तिन्ही पाकिटं काढून घेतली आणि रांगेतल्या शेवटच्या तिघांना दिली. तिनं वाद घातला नाही. उरलेलं एक पाकीट पिशवीत ठेवलं, पदर सारखा केला आणि गेटकडे चालू लागली. परत येताना गाडीत मी ग्रुपवर लिहिलं, ‘काही जण जास्तीची पाकिटं घेऊन बाहेर विकत आहेत. पुढच्या वेळेपासून टोकन देताना नातेवाइकाचा पास बघू या.’ विकताना तिला कुणीच पाहिलं नव्हतं, मीसुद्धा. ‘विकत आहेत’ हे मी माझ्या मनानं लिहिलं. तेवीस जणांनी अंगठा दाखवला. एकानं लिहिलं, ‘या लोकांना सवयच असते.’ मी त्याला काही उत्तर दिलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पास बघून टोकन दिली. रांग लहान झाली. एकतीस पाकिटं उरली. मला ते माझ्या म्हणण्याचा पुरावाच वाटला. डुप्लिकेट गेले, खरे राहिले. आमच्या भाषेत म्हणायचं, तर डेटा साफ झाला. उरलेली पाकिटं आम्ही पुलाखाली राहणाऱ्यांना दिली.

गाडीत टोकनं भरत होतो, तेव्हा शेजारच्या टपरीवर चहा पिणाऱ्या एक सफाईच्या मावशी म्हणाल्या, “तुमची ती बीडची बाई नाय दिसली आज.”

मी म्हटलं, “बरं झालं. चार-चार पाकिटं न्यायची.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग कप ठेवून मला समजावून सांगितलं. लहान मुलाला सांगतात तसं, न चिडता. त्यांच्या वॉर्डात रुग्णामागे एकच पास मिळतो. पासवाला खाली उतरला, तर गेटवरचा माणूस त्याला परत आत घेईलच असं नाही. कधी सोडतो, कधी चार वाजता भेटायच्या वेळी या म्हणतो. आणि उतरणार तरी कसं? सलाइन संपत आलं की सिस्टरला हाक मारायची असते, भांडं द्यायचं असतं, कूस बदलायची असते. अशा चार बाया एका रांगेतल्या चार खाटांशी होत्या. त्यांनी आपसांत ठरवलं होतं. बीडची बाई खाली जाणार, तोवर तिच्या माणसाकडे बाकीच्या तिघी बघणार. ती चौघींचं जेवण घेऊन येणार. गेटवाला तिला ओळखायला लागला होता, सोडायचा.

“आज पास मागत होता ना तुम्ही?” मावशी म्हणाल्या. “पासवाल्या वर बसल्यात. खाली येतो त्याच्याकडं पास कुठला?”

प्रोग्राममध्ये एखादी अट घातली, की ती काय करते हे तपासून बघायचं असतं. हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मी घातलेली अट बरोबर उलटं काम करत होती. ज्यांना पोटभर हिंडता-फिरता येत होतं ते रांगेत होते. ज्यांना जागचं हलता येत नव्हतं त्यांना मी गाळून टाकलं होतं, आणि गाळलेल्यांची संख्या बघून खूश झालो होतो. एकतीस.

चार वाजता मावशींनी मला वर नेलं. लांबलचक वॉर्ड, खाटांच्या खाली पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या, गुंडाळलेल्या सतरंज्या. बीडच्या बाईच्या खाटेवर दुसराच कुणी रुग्ण होता. शेजारच्या खाटेशी एक मुलगी बसली होती, विशीतली, आईसोबत आलेली. मी कोण हे तिला कळलं असावं. मी विचारलं, “त्या मावशी कुठं गेल्या?”

“बुधवारी गेल्या. घरी नेलं त्यांनी.”

आमच्याकडे दवाखान्यातून ‘घरी नेलं’ याचे दोन अर्थ होतात. कोणता ते मी विचारलं नाही. तेवढं धैर्य झालं नाही.

मग ती मुलगी आपण होऊनच म्हणाली, “त्या रविवारी एकच पाकीट आलं होतं. चार पोळ्या होत्या. एकेकीला एक.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हिशेब बरोबर जमला, एवढंच ती सांगत होती.

घरी येताना मी बसनं आलो. काकांच्या गाडीत बसायची इच्छा नव्हती. त्या तास-दीड तासात मला नांदेड आठवत राहिलं.

माझं गाव हिंगोली जिल्ह्यात, नरसी नामदेवपासून फार लांब नाही. इंजिनिअरिंगला नांदेडला होतो, २०१४ ते २०१८. खोलीवर राहायचो. मेसचा डबा रविवारी संध्याकाळी बंद असायचा, आणि महिन्याच्या शेवटी तर कधीकधी दोन्ही वेळचा बंद करावा लागायचा. वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. पैसे मागायला फोन करायचो आणि ‘जेवलास का?’ या आईच्या पहिल्याच प्रश्नाला ‘हो’ म्हणून ठेवून द्यायचो. त्या दिवसांत आम्ही खोलीतली पोरं गुरुद्वाऱ्यात जायचो, लंगरला.

गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला निवर्तले. तिथला हजूर साहिब शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. देशभरातून, परदेशातून लोक येतात. पण नांदेडच्या आणि आसपासच्या गावच्या माणसाला तिथं परकं वाटत नाही. आमच्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे आम्हाला फार नंतर, कुणीतरी सांगितल्यावर कळलं. आम्ही जायचो ते भुकेपोटी. चपला काढायच्या, हातपाय धुवायचे, डोक्याला रुमाल बांधायचा आणि रांगेत मांडी घालून बसायचं. त्या रांगेला तेही पंगतच म्हणतात. शेजारी कोण बसलंय याला काही अर्थ नसतो. कधी परदेशातून आलेलं सरदार कुटुंब, कधी स्टेशनवरचा हमाल, कधी आमच्यासारखी चार पोरं. वरण येतं, भाजी येते. रोटी घ्यायला दोन्ही हात पुढे करायचे. वाढणारा प्रत्येकासमोर थांबतो, आणि आपण मान हलवली तरच पुढे जातो.

एकदा माझ्या खोलीतल्या मित्राला ताप होता. तो येऊ शकला नाही. मी जेवता जेवता दोन रोट्या रुमालात गुंडाळून मांडीखाली सरकवल्या. वाढणाऱ्या सरदारजींनी ते पाहिलं. पांढरी दाढी, हातात रोट्यांची टोपली. आता ओरडणार म्हणून मी खाली मान घातली. ते वाकले आणि हळूच म्हणाले, “कितने जने हैं?” मी म्हटलं, “एक. बीमार है.” त्यांनी माझ्या रुमालात अजून चार रोट्या ठेवल्या. मग परत आले आणि विचारलं, “दाल के लिए डब्बा है?” माझ्याकडे डबा नव्हता. तर कुठूनतरी प्लास्टिकचा एक डबा आणून त्यात दाल भरून दिली. खरंच कुणी आजारी आहे का, हे त्यांनी विचारलं नाही.

मीही ‘वर तिघीजणी हायेत’ हे वाक्य ऐकलं होतं. तेव्हा मी पाकिटं काढून घेतली होती. हे कसं झालं, यावर मी नंतर खूप विचार केला. मी दुष्ट झालो होतो असं मला वाटत नाही. मला भीती होती ती फसवलं जाण्याची. एकदा का आपण देणाऱ्याच्या बाजूला उभे राहिलो, की समोरचा आपल्याला गंडवतोय का, याकडेच डोळे लागतात. एका पाकिटाचा खर्च मी शीटमध्ये काढला होता, अठरा रुपये. तीन पाकिटांचे चोपन्न. चोपन्न रुपयांना कुणी मला फसवू नये म्हणून मी एका बाईला चारचौघांत चोर ठरवलं होतं. ऑफिसच्या कँटीनमध्ये माझी कॉफी त्याहून महाग असते.

ग्रुपवर मी रात्री लिहिलं, की मागच्या आठवड्यात मी जे लिहिलं ते खोटं होतं, त्या बाई कुणाला काही विकत नव्हत्या, आणि खरं काय होतं ते. या मेसेजला चार अंगठे आले.

पाचव्या दिवशी आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी मला वर बोलावलं. नव्वदीला टेकलेत. ग्रुपवरचं सगळं वाचतात, लिहीत मात्र काही नाहीत. चहा झाल्यावर म्हणाले, “मी वार लावून जेवलोय, माहीत आहे तुला?” १९५०च्या दशकात ते कोकणातून पुण्यात शिकायला आले. आठवड्याचे सात वार, सात घरं. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. अशी किती मुलं त्या काळी पुण्यात शिकली याची गणतीच नाही. त्यांनी मला दोन घरांबद्दल सांगितलं. एका घरी त्यांना सगळ्यांचं झाल्यावर मागच्या पडवीत पान मिळायचं. तीन पोळ्या. चौथी मागायची नाही, हे कुणी न सांगता कळायचं. दुसऱ्या घरी स्थिती बेताची होती. पोळी नसायचीच, भात-आमटी. पण त्या घरच्या बाई वाढताना विचारायच्या, परीक्षा कधी रे तुझी, आईचं पत्र आलं का. “पोट दोन्हीकडे भरायचं,” आजोबा म्हणाले. “पण मंगळवारी मला सोमवारपेक्षा जास्त भूक लागायची. का ते कळायला वय व्हावं लागलं.”

मग त्यांनीच पुढचं सांगितलं. हे वार ब्राह्मण मुलांना ब्राह्मणांच्या घरी मिळायचे. त्यांच्या वर्गात एक हुशार मुलगा होता, त्याच्या जातीच्या मुलाला पडवीसुद्धा मिळणं शक्य नव्हतं. त्यानं एक वर्ष काढलं आणि तो निघून गेला. “साताऱ्याला भाऊरावांकडे असता तर शिकला असता,” ते म्हणाले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची आणि एका पंगतीला जेवायची. त्या मुलांसाठी गावोगावच्या बायका घरातलं मूठ-मूठ धान्य बाजूला काढून ठेवायच्या. त्याचं नावच मुष्टी फंड. कुणाची मूठ कुणाच्या पोटात गेली, हे ना देणारीला माहीत, ना जेवणाऱ्याला. आजोबांना हे सगळं मला का सांगावंसं वाटलं, ते त्यांनी सांगितलं नाही. निघताना म्हणाले, “तुझं शीट चांगलं आहे. चालू ठेव.”

आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं, तर तिचे प्रश्न वेगळेच.

“भाकरी नेत नाहीत का तुम्ही?”

“नाही. पोळ्या.”

“आपल्याकडची म्हातारी माणसं रोज पोळी खात नाहीत, बाबा. जड जाते. आणि बसवता कुठं त्यांना?”

“बसवत नाही. पाकीट देतो.”

“मग वाढतं कोण?”

“वाढत नाही, आई. वाटतो.”

पलीकडे ती काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बरं.” आणि विषय बदलून वडिलांच्या चष्म्यावर गेली.

माझ्या शीटमध्ये तेरा रकाने होते. पोळ्या, भाजी, लोणचं, फॉइल, पेट्रोल. सगळे देणाऱ्यांबद्दलचे. जेवणाऱ्याबद्दल एकच आकडा होता, टोकन नंबर. तो काय खातो, किती जणांसाठी नेतोय, त्याला चावता येतं का, तिखट चालतं का, त्याला खाली यायला जमतं का, यातलं एकही मी विचारलं नव्हतं. ऑफिसात असं सॉफ्टवेअर कुणी बनवलं, तर आम्ही पहिल्या मीटिंगमध्ये त्याला सोलून काढतो. वापरणाऱ्याला विचारलंस का, म्हणून.

पुढच्या दोन महिन्यांत आम्ही बरंच काही बदललं. ते सगळं सुरळीत झालं असं नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक नावाचं एक पद असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या बाईंना जाऊन भेटलो. त्यांनी आधी आमच्यासारख्या लोकांनी आजवर दिलेले सगळे त्रास ऐकवले. कुणी वॉर्डात जाऊन फोटो काढतं, कुणी तेलकट पुऱ्या वाटून जातं, कुणी वाढदिवसाला केक घेऊन येतं आणि पुन्हा दिसत नाही. मग म्हणाल्या, दोनच माणसं आत येतील, तीच दर आठवड्याला येतील, फोटो काढायचा नाही. ज्यांना खाली येता येत नाही त्यांची यादी त्या शनिवारी संध्याकाळी देतात. त्यांच्यासाठी मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण डब्यांतून वर जातं. फोटो नाही म्हटल्यावर सहा घरांनी पोळ्या बंद केल्या. राग आला, पण त्यांच्या पोळ्या आजवर कुणी तरी खाल्ल्याच होत्या.

भाकरी मात्र सोसायटीत कुणाला फारशा जमत नव्हत्या. त्या आम्ही एका पोळी-भाकरी केंद्रातून विकत आणतो. ते चालवणाऱ्या ताई सोलापूरच्या. कशासाठी हव्यात ते कळल्यावर त्यांनी दर कमी केला नाही, पण दर वेळी चटणीचा एक मोठा डबा देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

बाकीच्यांना आम्ही रस्त्यापलीकडच्या एका छोट्या कार्यालयाच्या ओसरीवर बसवतो. सतरंज्या, स्टीलच्या ताटल्या, ज्याची त्यानं धुवायची. टोकन बंद, पासही बंद. एकशे चाळीसवरून आम्ही नव्वदवर आलो, आणि बावीस मिनिटांचे दोन तास झाले. एक रिक्षावाले दर रविवारी येऊन जेवतात. त्यांचं कुणीही रुग्णालयात नाही. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा जुनी सवय म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनीही माझ्याकडे बघितलं आणि भात मागितला. आता ते जेवण झाल्यावर सतरंज्या झटकून घड्या घालतात. सांगितलेलं नाही कुणी.

एकदा कर्जतकडचे एक म्हातारे जेवून उठले आणि माझ्या हातात दहाची नोट देऊ लागले. मी नको म्हटलं. ते म्हणाले, “शिवभोजनला दहा रुपये घेतात. मग हितं फुकट कसं खाऊ?” २०२०च्या २६ जानेवारीला राज्य सरकारनं ती थाळी सुरू केली, दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांना. तेव्हा मी मित्रांशी वाद घातला होता, की एवढं सरकार देतंय तर दहा रुपये तरी कशाला घ्यायचे. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, तीही स्वस्त होती, फुकट नव्हती. मला त्यामागचं गणित तेव्हा कळलं नव्हतं. त्या म्हाताऱ्यांच्या हातातली नोट बघून कळलं. दहा रुपये दिले की माणूस गिऱ्हाईक होतो. वाढलेलं आवडलं नाही तर तसं सांगू शकतो. आता ओसरीच्या दाराशी एक डबा ठेवलाय. टाकायचे त्यांनी टाकावेत. कोण टाकतं ते आम्ही बघत नाही. कधी दोनशे निघतात, कधी चाळीस.

बीडच्या त्या मावशी पुन्हा दिसल्या नाहीत. दिसण्याचं काही कारणही नाही. त्यांचं नाव मला माहीत नाही, विचारलंच नव्हतं. कुणी बाई दोन ताटल्या मागायला आली, की मी अजूनही आधी तिच्या तोंडाकडे बघतो.

मागच्या रविवारी मी भाताच्या पातेल्यावर होतो. एक आजोबा, लेकाचं ऑपरेशन होतं म्हणून आलेले. दोन भाकरी झाल्या, भात झाला. मी पुन्हा डाव घेऊन गेलो, तर त्यांनी ताटलीवर आडवा हात धरला. “पुरे, पुरे.” दीड वर्षं आम्ही पाकिटं वाटली, त्यात हा शब्द मी एकदाही ऐकला नव्हता. मी म्हटलं, “थोडा घ्या, आजोबा. वरण गरम आहे.” ते माझ्याकडे बघून हसले, हात थोडासा बाजूला केला आणि दोन बोटांनी दाखवलं, एवढाच. मी एवढाच वाढला.